बँकेने घर ताब्यात घेतलं तर उरलेलं कर्ज माफ होतं का?

पन्हं_वेलची

नमस्कार मंडळी. विषय घरातलाच आहे, त्यामुळे नावंगावं देत नाही.

धाकट्या भावाने २०१९ मध्ये बदलापूरला वन बीएचके घेतला. एका गृहवित्त कंपनीचं ३१ लाखांचं कर्ज. आई सहकर्जदार, कारण तिची पेन्शन दाखवली की रक्कम वाढत होती. नोकरी गेली, मग त्याने टेम्पो घेतला, तो धंदाही बसला. दिवाळीपासून हप्ते थकलेत. आता 'कलम १३(२)' अशी नोटीस आली आहे, ६० दिवसांत २९ लाख ४० हजार भरा म्हणून. एजंट म्हणतो बाजारात २५ पर्यंत जाईल. लिलावात किती येतील देव जाणे.

भावाचं म्हणणं, "ताई, मी चावीच नेऊन देतो. घर त्यांचं, कर्ज त्यांचं, सुटलो एकदाचा." मला हे इतकं सोपं वाटत नाही. आईची पेन्शन आणि चिपळूणजवळचं गावचं घर, या दोन्हींचा मला घोर लागलाय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

तिरकस_आडवा

भावाचं चुकलंच. ३१ लाख काढले म्हणून नोटीस आली. ३१०० कोटी काढले असते तर चहा-बिस्किटं आणि पुनर्रचनेचा प्रस्ताव आला असता.

---

कोर्टाची_पायरी

वरचा विनोद जुना झाला हो आडवेराव.

ताई, मुद्द्याचं आधी. चावी दिल्याने कर्ज संपत नाही. आपल्याकडे गृहकर्ज हे माणसावर असतं, घर फक्त तारण. सरफेसी कायदा (थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेऊन विकण्याचा, तुमची नोटीस त्याचीच) २००२ चा, त्याच्या कलम १३(१०) मध्ये स्वच्छ लिहिलंय की तारण विकून पैसे पुरले नाहीत तर उरलेल्या रकमेसाठी धनको डीआरटीत (कर्ज वसुली न्यायाधिकरणात) किंवा योग्य त्या न्यायालयात जाऊ शकतो. २० लाखांच्या खालचं येणं डीआरटीत जात नाही, दिवाणी न्यायालयात जातं. तुमच्या भावाचं तसंच होईल. उलटही खरं आहे, विकून जास्त आले तर वरचे पैसे कर्जदाराला परत द्यावे लागतात. तसं घडताना मी फार कमी पाहिलंय, ती गोष्ट वेगळी.

आता नोटिशीबद्दल. ही मागणी नोटीस आहे, घर गेलेलं नाही. या ६० दिवसांत लेखी हरकत पाठवता येते आणि तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं धनकोवर बंधनकारक आहे. हरकत म्हणजे 'साहेब, अडचण आहे, दया करा' नव्हे. आकडा कुठे चुकलाय, कोणता हप्ता जमा दाखवला नाही, कसले चार्जेस लावलेत, हे लिहायचं. लोक नोटीस टीव्हीच्या मागे खुपसून ठेवतात आणि थेट ताब्याच्या दिवशी वकील शोधतात.

६० दिवसांनंतर ताबा. आधी सांकेतिक, म्हणजे दारावर नोटीस चिकटवायची आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मग प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत जाता येतं. मात्र 'माझी परिस्थिती वाईट आहे' एवढ्यावर तिथे काही मिळत नाही. कार्यपद्धतीत चूक लागते.

---

अण्णा_सोलापूर

सगळं वाचलं. एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कर्ज घेतलं तर फेडायचं. आमच्या पिढीने भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केले, पण दारावर नोटीस चिकटू दिली नाही. पेन्शनीत आईला सहकर्जदार करून फ्लॅट घ्यायची घाई कोणी सांगितली होती?

---

मीना_ठाणे

अण्णा, तुमच्या पिढीला दोन खोल्या पागडीवर मिळत होत्या. आज मुंबईत नोकरी करायची आणि बदलापूरच्याही पुढे राहायचं म्हटलं तर लोकलमध्येच बिऱ्हाड मांडावं लागेल. आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती. आमच्याकडे वीस वर्षांचं कर्ज अठ्ठावीस वर्षांचं झालं, तेसुद्धा स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं. हे कोणाच्या उधळेपणामुळे?

पन्हंताई, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले असतील तर एक सांगते. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला त्यांना रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आमच्या वेळी एक जण सासूबाईंना म्हणाला, "सोसायटीच्या बोर्डावर तुमचं नाव लावतो." मी फोन घेऊन म्हटलं, हेच मला ईमेलवर लिहून पाठवा. त्यानंतर तो आवाज पुन्हा ऐकू आला नाही, दुसरा आला, पण तो 'मॅडम मॅडम' करत होता. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. दाद नाही मिळाली तर बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते आणि गृहवित्त कंपनीची राष्ट्रीय आवास बँकेकडे. चुकीच्या दारात महिना जातो म्हणून लिहिलं.

---

अण्णा_सोलापूर

मुदत वाढली हे मान्य. पण भरायचं ते भरायचंच ना?

---

तिरकस_आडवा

अण्णा, तुम्हाला वसुली अधिकारी नेमावं असा ठराव मांडतो.

---

निवृत्त_शाखाधिकारी

उभी नोकरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काढली. त्या बाजूचं सांगतो.

कोर्टाची_पायरी यांनी कायदा नीट सांगितला आहे. व्यवहार असा असतो. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक) होतं आणि फाइल शाखेच्या हातून निघून वसुली विभागात जाते. शाखेतला माणूस गोड बोलेल, पण त्याला अधिकार उरलेला नसतो. म्हणून भावाला सांगा, शाखेत खेटे घालू नकोस. नोटिशीवर ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे त्याला गाठ. आणि जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलने 'आज आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार' असं लिहून पाठव. वसुली विभागात माणसं बदलत राहतात. नवीन आलेल्याला जुन्याचं तोंडी आश्वासन माहीतही नसतं.

लिलावाची राखीव किंमत मूल्यांककाच्या अहवालावरून ठरते. अहवालात दोन-तीन आकडे असतात: बाजारमूल्य, मिळू शकेल ते मूल्य आणि घाईच्या विक्रीचं मूल्य. पहिल्या लिलावाला कोणी आलं नाही की राखीव किंमत उतरवतात. दुसऱ्याला पुन्हा. तोवर व्याज चालू, वकिलाची फी, जाहिरातीचा खर्च, ताबा घेतल्यावरचा सुरक्षारक्षक, सगळं कर्जदाराच्या खात्यावर. २५ लाखांचं घर २० ला गेलं असं आपण म्हणतो, पण तोपर्यंत येणंही २९ चं ३२ झालेलं असतं. खड्डा दोन्ही बाजूंनी रुंदावतो.

तेव्हा स्वतः विका. लिलावापेक्षा उघड्या बाजारात जास्त येतात आणि धनकोलाही तेच हवं असतं, फक्त तो आपणहून सांगणार नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा. पूर्वी विक्री होईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता येत होतं. सरफेसीच्या २०१६ च्या दुरुस्तीपासून लिलावाची जाहिरात प्रसिद्ध व्हायच्या आत भरलं तरच तो हक्क राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. पेपरात छापून आल्यावर गिऱ्हाईक घेऊन येणारे कर्जदार मी पाहिलेत. त्यांचं ऐकून घ्यायचं की नाही हे मग आमच्या मर्जीवर असायचं.

---

लिलावात_घेतलं

मी पलीकडच्या बाजूचाही पलीकडचा. पनवेलला लिलावातला फ्लॅट घेतला. स्वस्त मिळतो म्हणून सगळे विचारतात, म्हणून लिहितो.

बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरावे लागतात, उरलेले ७५ साधारण १५ दिवसांत. एवढ्यात कर्ज मंजूर करून घेताना जीव मेटाकुटीला येतो. 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर विक्री, म्हणजे सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, कापलेलं वीज मीटर, सगळं आपलं. सेक्रेटरी पहिल्या भेटीत पेढा न देता थकबाकीचा तक्ता देतो.

जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' लिहिलेलं असेल तर लांब राहा. आत माणसं राहत असतात.

माझ्या फ्लॅटचा प्रत्यक्ष ताबा होता. सोबत पंचनाम्याची प्रत मिळाली. त्यात ओळीने लिहिलं होतं: स्टीलचा पिंप एक, कुकर दोन (एकाला शिट्टी नाही), भिंतीवरचं घड्याळ बंद, लाकडी देव्हारा मूर्तींसह, वह्या-पुस्तकं एक गोणी. मूळ मालक सामान न्यायला आलेच नव्हते. सोसायटीच्या वॉचमनकडून नंबर काढला, फोन केला. देव्हारा नेला त्यांनी. पिंप राहू दे म्हणाले.

---

मीना_ठाणे

हे वाचून पोटात कालवलं.

---

सॅनहोजेकर

इथे कॅलिफोर्नियात राहायचं घर घेण्यासाठी काढलेल्या मूळ कर्जावर घर गेलं की विषय संपतो, उरलेल्या रकमेसाठी मागे लागता येत नाही, तसा राज्याचा कायदा आहे. २००८ नंतर लोकांनी किल्ल्या लिफाफ्यात घालून पाठवल्या होत्या. नंतर पुन्हा कर्ज काढून पहिलं फेडलं असेल, वर रोख उचलली असेल तर भानगड वेगळी. अमेरिकेतही सगळीकडे असं नाही, राज्यागणिक बदलतं. भावाने कदाचित असलंच काही यूट्यूबवर पाहिलं असेल.

---

लंडनची_सून

इंग्लंडमध्ये उरलेलं मागतात. मुद्दलासाठी १२ वर्षं, व्याजासाठी ६ वर्षं मुदत आहे. नवऱ्याच्या सहकाऱ्याला विक्रीनंतर पाच वर्षांनी पत्र आलं होतं, तो तोवर सगळं विसरून दुसऱ्या गावी संसार थाटून बसला होता.

---

घाटावरचा

कॅलिफोर्नियासारखं आपल्याकडे का करत नाहीत? घर गेलं म्हणजे शिक्षा झालीच की. वर आणि उरलेलंही फेडायचं?

---

निवृत्त_शाखाधिकारी

घाटावरचा, तसं केलं तर बँका घराच्या किमतीच्या ६० टक्केच कर्ज देतील. आज ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला ९० टक्क्यांपर्यंत द्यायची मुभा आहे, ती कर्जदाराच्या पगारावर हात ठेवता येतो या भरवशावर. तरुण पोरांना घरच घेता येणार नाही.

---

घाटावरचा

आज घेतात आणि उद्या पंचनाम्यात शिट्टी नसलेला कुकर होतो. पटलं नाही साहेब. जोखीम दोघांनी वाटून घ्यायला हवी. मूल्यांकन त्यांच्याच पॅनेलवरच्या माणसाने केलं होतं ना? त्याने ३५ लाखांचं म्हटलं आणि आज २५ येत असतील तर चूक फक्त घेणाऱ्याची कशी?

---

कोल्हापूरचा_वाघ्या

थोडं अवांतर, पण गावाकडच्यांच्या कामाचं. सहकारी बँकेला सरफेसी लागू होत नाही असं अजून कित्येक जण छातीठोक सांगतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं होतं. मे २०२० मध्ये निकाल लागला, सहकारी बँकांनाही लागू. विषय संपला.

पतसंस्थेचं मात्र वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि मग संस्थेचा वसुली अधिकारी जप्ती घेऊन दारात. जामीनदाराची तर पार धूळधाण. आमच्या गावात एकाने मित्राच्या म्हशींसाठी जामीन दिला, म्हशी कधीच विकल्या गेल्या, याच्या सातबाऱ्यावर बोजा चढला.

---

तिरकस_आडवा

म्हशी सुटल्या, जामीनदार दावणीला.

---

कोर्टाची_पायरी

वाघ्या बरोबर आहेत. सरफेसीतही जामीनदाराला 'आधी घर विका, मग माझ्याकडे या' म्हणता येत नाही.

---

पन्हं_वेलची

सगळ्यांचे आभार. अण्णा, राग नाही आला, आईही तेच म्हणते. पण माझा प्रश्न मागे पडला. आईची पेन्शन (जिल्हा परिषदेची शिक्षिका होती) आणि गावचं घर? गावचं घर बाबांच्या नावावर होतं, त्यांच्यानंतर आम्हा तिघांची नावं लागली आहेत. आणि दिवाळखोरी जाहीर करता येते का, असंही भाऊ विचारतोय.

---

कोर्टाची_पायरी

एकेक घेतो.

उरलेल्या रकमेसाठी आधी दावा, मग हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा निकाल), मग जप्ती. घर विकलं आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणला कुलूप, असं होत नाही. दाव्याचं समन्स आलं तर मात्र हजर राहायचंच. एकतर्फी हुकूमनामा झाला की मग तो उलटवत बसा.

सरकारी पेन्शन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्त करता येत नाही. भविष्य निर्वाह निधीही नाही. भावाला उद्या नोकरी लागली तर पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सुरक्षित, राहिलेल्या एक तृतीयांशावर जप्ती येऊ शकते, तीसुद्धा एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. आईच्या मुदतठेवी मात्र सुरक्षित नाहीत, कारण ती सहकर्जदार आहे, म्हणजे भावाइतकीच देणेकरी. गावच्या घरात भावाचा आणि आईचा हिस्सा हुकूमनाम्यानंतर जप्तीत येऊ शकतो. तुमचा हिस्सा नाही. कोणी 'आत्ताच बक्षीसपत्र करून टाका' सांगितलं तर करू नका. धनकोला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर न्यायालय रद्द करू शकतं.

दिवाळखोरी: २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू केला आहे. सर्वसामान्य माणसाला अजून १९०९ आणि १९२० चे इंग्रजांच्या काळातले कायदे. चार-पाच लाखांसाठी त्या वाटेला जाऊ नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईच्या नावाने अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

---

अण्णा_सोलापूर

ही शेवटची माहिती मला नव्हती. सुनेच्या बहिणीला कळवतो.

---

निवृत्त_शाखाधिकारी

एक भर घालतो. २९.४० मध्ये काय काय आहे त्याची फोड मागा. दंडव्याज लावायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बंदी घातली, ते २०२४ पासून लागू आहे. दंड आकारता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तडजोडीत पहिली कात्री इथेच लागते. एकरकमी तडजोड हा हक्क नाही, पण मागायला कोणी अडवलेलं नाही. तडजोड केली तर सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात) 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची कित्येक वर्षं कोणी दारात उभं करत नाही, हे भावाला आधीच सांगा.

---

पन्हं_वेलची

धागा वर काढते आहे, कारण बरंच पुढे सरकलंय.

भावाने प्राधिकृत अधिकाऱ्याला गाठलं. फोड मागितली तर दंड आणि 'कायदेशीर खर्च' धरून १ लाख १० हजार निघाले. लेखी हरकत दिली. त्यातले ७० हजार सोडायची तयारी दाखवली आहे (ईमेलवर, तुमच्या सल्ल्याने). दुसरं म्हणजे, त्याच कॉम्प्लेक्समधल्या एका काकांना मुलासाठी फ्लॅट हवाय. २५ लाख ७५ हजारांवर बोलणं आलंय. म्हणजे साधारण तीन लाखांचा खड्डा. कंपनी म्हणते, विक्रीला परवानगी देतो, पण ही तफावत विक्रीच्याच दिवशी भरा. आई ठेव मोडते म्हणते. मला ते पटत नाहीये. तिच्याकडे साडेचार लाखच आहेत.

---

मीना_ठाणे

आईची ठेव मोडू नका. कंपनीकडे त्या तीन लाखांचे हप्ते मागा.

---

निवृत्त_शाखाधिकारी

मीनाताई, मी उलट म्हणेन. तफावत बाकी ठेवली तर घर सोडायला कंपनी तयार होणार नाही, तिचं तारणच जातं ना. आणि गिऱ्हाईक हातातून गेलं तर लिलावानंतर आठ-दहा लाखांचं येणं आईच्याच डोक्यावर बसेल. अर्धे आत्ता, अर्ध्याचे सहा महिन्यांचे पुढच्या तारखांचे धनादेश, असा लेखी प्रस्ताव द्या. त्याचबरोबर टेम्पो विकला का?

---

पन्हं_वेलची

टेम्पो भावाच्या नावावर तसाच उभा आहे. त्यावर कर्ज नाही. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

तिरकस_आडवा

विनोद बाजूला ठेवून विचारतो, मॉडेल कुठलं आणि पासिंग कधीचं? मेव्हण्याला भाजीच्या धंद्याला हवाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

घाटावरचा

आडवेराव पहिल्यांदाच उपयोगी पडले.

एक शंका. काका पैसे देणार भावाला, कागदपत्रं कंपनीकडे अडकलेली. मध्येच कोणी पलटी खाल्ली तर?

---

लिलावात_घेतलं

काकांनी पैसे भावाला द्यायचेच नाहीत. भावाने कंपनीकडून दोन पत्रं घ्यायची. एक, कर्ज बंद करायला अमुक तारखेपर्यंत नक्की किती लागतील त्याचं फोरक्लोजर लेटर, आणि दुसरं त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. काका कर्ज काढणार असतील तर त्यांची बँक या दोन पत्रांवरच थेट कंपनीच्या नावाने धनादेश काढते. रोखीने घेणार असतील तरी डिमांड ड्राफ्ट कंपनीच्याच नावाने, भावाच्या कर्ज खात्याचा नंबर घालून. फोरक्लोजर लेटरची तारीख उलटली की आकडा बदलतो, तेव्हा नोंदणीची तारीख आधी पक्की करा आणि मग पत्र मागा.

---

कोर्टाची_पायरी

+१. पैसे पोचले की थकबाकी नसल्याचा दाखला भाऊ आणि आई दोघांच्या नावाने मागा, नुसत्या भावाच्या नको. सगळं कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत करायचे आणि तारणाची नोंद उतरवायची, हाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई कंपनीने द्यायची.

---

पन्हं_वेलची

दोघांच्या नावाने, हे लिहून घेतलं. सोमवारी भाऊ आणि काका एकत्रच जाणार आहेत. आडवेराव, व्यनि केलाय, टेम्पोचे फोटो रात्री पाठवते.